साळूताईंचा निष्कलंक क्लब

एका जंगलात, बाळांनो, वाघापेक्षा फुटबॉल क्लबचा दरारा मोठा होता. क्लबच्या चिटणीस होत्या साळूताई साळिंदर. बाई कामसू, पण मनाने फार हळव्या. कुणी नावं ठेवली की त्यांना दोन दोन दिवस अन्न गोड लागत नसे.

उपांत्य सामना क्लबने जिंकला, पण गोलरक्षक भिकोबा अस्वल मधेच गोल सोडून मधाचं पोळं काढायला गेला. साळूताईंनी त्याला एका सामन्यासाठी संघाबाहेर बसवलं. तो सामना नेमका अंतिम होता, आणि क्लबने करंडक आजवर एकदाही जिंकला नव्हता.

पाणवठ्यावर गदारोळ उठला.

"एकट्या भिकोबालाच शिक्षा?" तरसबाई कडाडल्या. "ते हरीण भर सामन्यात चरत होतं, ते नाही दिसलं कुणाला?"

साळूताईंच्या जिवाला ते लागलं. त्यांनी लगेच खुलासा काढला, 'क्लब पक्षपात करत नाही. हरणालाही बसवलं आहे.'

"आणि माकड गोलच्या बांबूला लोंबकळतं, त्याचं काय?"

दुसरा खुलासा निघाला. माकड बसलं.

मग कुणी कोल्ह्याचं नाव घेतलं, कुणी रानमांजराचं. तक्रार आली की खुलासा, खुलासा निघाला की एक खेळाडू कमी. आठवडाभरात सगळा संघ घरी बसला.

"अहो ताई, आता खेळणार कोण?" भिकोबाने काकुळतीने विचारलं.

"बघू रे. पण आता बोट ठेवायला कुणाला जागा आहे का, सांग!"

त्या दिवशी साळूताई पोटभर जेवल्या.

अंतिम सामन्याला क्लबची कार्यकारिणीच मैदानात उतरली. बचावाला कासव. मध्यभागी घुबड, भर उन्हात डोळे मिटून. गोलात स्वतः साळूताई. पहिलाच चेंडू त्यांनी जिवाच्या आकांताने छातीशी कवटाळला.

फुस्स!

जंगलात दुसरा चेंडू नव्हता. पंचांनी करंडक पाहुण्या संघाला देऊन टाकला.

साळूताईंनी संध्याकाळी पाणवठ्यावर खुलासा लावला, 'क्लबच्या एकाही खेळाडूने अंतिम सामन्यात गैरवर्तन केलेलं नाही.' शब्द न् शब्द खरा होता. पण वाचायला कुणी आलंच नाही. तरसबाईसुद्धा पाणी पिऊन मुकाट्याने निघून गेल्या. साळूताई एकट्याच बसून राहिल्या. कुणीतरी यावं आणि आपल्याला चांगलं फैलावर घ्यावं, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

तात्पर्य: बाळांनो, टीकाकारांचं सगळं ऐकावं. आधी खेळाडू जातात, मग टीकाकार जातात, आणि क्लबला नावं ठेवायला कुणी उरत नाही.