सलग पंचवीस वर्षांची अट

कुरॅल पार्कच्या सेंट ओस्विन हायस्कूलच्या पंचाहत्तरीनिमित्त शाळेचा इतिहास लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. मी त्याच शाळेत शिकलेला, इतिहासाचा निवृत्त शिक्षक होतो आणि घरी रिकामा बसलो होतो. यातलं दुसरं कारण निर्णायक ठरलं, असं माझी बायको सांगते.

त्याच सुमारास विज्ञानाची नवी इमारत तयार झाली होती आणि तिला नाव द्यायचं होतं. नियम एकच. ज्या व्यक्तीने शाळेत सलग पंचवीस वर्षं सेवा केली, तिचंच नाव. मी लगेच सिस्टर मॅलकींच्या नावाने अर्ज केला. सिस्टरांनी आम्हाला पत्र्याच्या शेडमध्ये रसायनशास्त्र शिकवलं. शेडला नळ नव्हता. कॉन्व्हेंटच्या, म्हणजे सगळ्या नन राहायच्या त्या मठाच्या, धुलाईघरातून त्या बादल्या भरून आणायच्या, आणि त्यातलं निम्मं पाणी आम्ही पेटवलेली बाकं विझवण्यात जायचं. असं तीस वर्षं. आता त्या चौऱ्याण्णव वर्षांच्या आहेत, वृद्धाश्रमात असतात. त्यांच्या डोळ्यांदेखत ती पाटी लागावी, एवढीच माझी इच्छा होती.

त्यांना सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "वेडा आहेस का रे, लेनी? असले चोचले कशाला?" मात्र पुढच्या भेटीपासून मी खुर्चीत टेकायच्या आत पाटीची चौकशी सुरू झाली.

पाटीचं असं झालं, की अर्ज नामंजूर झाला. नोंदी सांभाळणाऱ्या लोरेन पिकेट मॅडमनी कळवलं, की सिस्टर मॅलकी यांची सेवा १९५५ ते १९६८, म्हणजे चौदा वर्षं. पुढे १९६९ ते १९८४ अशी सोळा वर्षं सिस्टर नूरीन टूही यांची. सबब दोघीही अपात्र.

मी धावतच शाळेत गेलो. पिकेट मॅडम दोन वर्षांपूर्वी विमा कंपनीतून आलेल्या, त्यांना या गोष्टी कुठून ठाऊक असणार? त्यांना समजावलं, की पूर्वी सिस्टर होताना घरचं नाव टाकून संताचं नाव घ्यावं लागे. मग रोममध्ये वारं फिरलं, चर्चचे नियम सैल झाले, झगे सुटले आणि सगळ्यांना घरची नावं परत मिळाली. अडुसष्टच्या डिसेंबरात मॅलकी म्हणून सुट्टीवर गेलेल्या बाई फेब्रुवारीत नूरीन म्हणून हजर झाल्या. पायात बूटसुद्धा तेच होते.

"बुटांची नोंद आहे का?" पिकेट मॅडमनी विचारलं.

मी म्हटलं, मी स्वतः त्या वर्गात बसलेलो आहे. तर अर्जदाराला साक्ष देता येत नाही, असं उत्तर मिळालं. दोघी एकच असतील, तर तसं दोघींच्या सहीनिशी लिहून आणा.

आणलं. सिस्टरांनी एका कागदावर दोन सह्या केल्या. मॅलकीची सही करताना त्या जरा थांबल्या. "ही पोरगी मला आवडायची," म्हणाल्या.

आठवड्याने शाळेचं पत्र आलं. दोन्ही सह्या एकाच हाताच्या असल्याचं आढळून आलं आहे, सबब एकीने दुसरीची बनावट सही केल्याचा संशय आहे.

मग रीतसर बैठक. मुख्याध्यापक डेमियन कॅलेया अध्यक्ष. टेबलावर दोन फोटो. अडुसष्टच्या फोटोत काळा झगा, उंच शिरोवस्त्र आणि मधोमध मूठभर चेहरा. एकोणसत्तरच्या फोटोत स्कर्ट आणि कुरळे केस. पिकेट मॅडमनी पट्टी लावून दाखवलं, की नूरीन चार इंचांनी बुटक्या आहेत. शिवाय मॅलकींचा राजीनामा नाही, निरोपसमारंभ नाही. नूरीन यांचा अर्ज नाही, मुलाखत नाही.

"एक बाई गायब होते, दुसरी तिच्या जागी येऊन शिकवायला लागते, आणि आज पन्नासेक वर्षांनी तिच्या नावाने सही करते," मॅडम म्हणाल्या. "हे सन्मानाचं प्रकरण राहिलेलं नाही."

कॅलेया माझा विद्यार्थी, मी दुसऱ्या शाळेत शिकवायचो तेव्हाचा. मान खाली घालून म्हणाला, "सर, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण फाईल तुमच्या वर्गात नव्हती ना."

शेवटी ठरलं, की माझ्याबरोबर त्या वर्गात शिकलेल्या सगळ्यांना फॉर्म पाठवायचा. प्रश्न पहिला: १९६८ आणि १९६९ मध्ये आपल्याला विज्ञान कोणी शिकवलं? पूर्ण नावे लिहा. प्रश्न दुसरा: शाळेतल्या आणखी कोणाचं नाव आठवतं? मला वाटलं, जिंकलो.

एकेचाळीस फॉर्म आले. लोकांनी पुरवण्या जोडल्या होत्या. एकाने भाजलेल्या भुवयांविषयी लिहिलं होतं. एकीची आई वारली तेव्हा सिस्टर मधली अख्खी सुट्टी शेडमध्ये तिचा हात धरून बसल्या होत्या. एक सर्जन म्हणत होता, मी जो काही आहे तो त्यांच्यामुळे. आणि नावाच्या रकान्यात एकेचाळीस जणांनी लिहिलं होतं, दोन्ही वर्षांसाठी: सिस्टर.

मी मर्व्ह डूलनला फोन लावला. हा माझ्या बाकावरचा. तो म्हणाला, "सिस्टरच होती ना रे ती? तिला आणखी काय नाव असणार?"

मी त्याला झापणार होतो, पण खोटं कशाला बोलू, इतिहास लिहायला रजिस्टर उघडेपर्यंत मलाही नाव माहीत नव्हतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र सगळ्यांचं सारखं, आणि बिनचूक: फादर कॉर्नेलियस हॅनरहन. ते सत्रातून एकदा प्रगतिपुस्तकं वाटायला यायचे आणि त्यांचं नाव प्रत्येक प्रगतिपुस्तकावर छापलेलं असायचं. सेवा सलग सव्वीस वर्षं. त्यांची पाटी लागली.

मी सिस्टरांना एकेचाळीसही पुरवण्या वाचून दाखवल्या. दोन ठिकाणी त्यांनी रसायनांच्या चुका दुरुस्त केल्या. मग विचारलं, "नाव कोणीच लिहिलं नाही?"

मी नाही म्हणालो. त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तुम्ही आतापर्यंत हसत होतात, चांगलं आहे. पिकेट मॅडमकडे फॉर्म शिल्लक आहेत, एक तुम्हीही भरा. चौथीत तुम्हाला भागाकार कोणी शिकवला? पूर्ण नाव लिहा. 'बाई' एवढंच लिहिलेलं ग्राह्य धरलं जाणार नाही.