आराधना कोणावर गेली

प्रत्येक अपत्याला निम्मे गुण आईकडून आणि निम्मे वडिलांकडून मिळतात, हे शास्त्राला मान्य आहे. कोणते निम्मे, हे मात्र आत्या ठरवते.

श्रीरामपूरच्या अँड्र्यू सरांच्या घरी हे काम त्यांच्या थोरल्या बहिणीकडे, मोनिकाकडे होते. रविवारी चर्च सुटले की ती जेवायला येई आणि बसल्या जागी निकाल देई. सरांच्या मुलीचा, आराधनाचा उंच बांधा, वाचनाची गोडी आणि बँकेतली नोकरी वडिलांकडून. (नोकरीही रक्तातूनच येते.) चष्मा, हट्ट आणि भाजीत जास्त पडणारे मीठ आईकडून. तपासलेल्या एकेचाळीस गुणांपैकी आईच्या वाट्याला अकरा आले. ते सगळे अवगुण होते. चाळिशीत आराधनाला शुगर निघाली. शुगर आत्याला होती, सरांना होती, त्यांच्या आईलाही होती. आराधनाच्या आजोळी कोणालाच नव्हती. तरी ती आजोळहूनच आली, कारण आईला जिलेबी आवडे.

ही आई, दया, हिने तीस वर्षे शाळेत आनुवंशिकताच शिकवली. घरी मात्र तिने कधी खडू उचलला नाही. त्या रविवारीही ती चपात्या लाटत ऐकत होती.

"पोरगी समदी आमच्यावर गेली, बरं झालं," आत्या म्हणाली.

"मग काय, आत्या! मी पप्पांचीच," आराधना हसून म्हणाली.

दयाने तिच्या ताटात गरम चपाती वाढली.

सोमवारी सकाळी चहा ठेवताना दयाचे हृदय बंद पडले. (आत्याच्या मते तेही माहेरचेच होते.)

आठवड्याने घरी प्रार्थना झाली. प्रसंग दुःखाचा होता, पण चहाबरोबर शास्त्र पुढे न्यावेच लागते. आराधना रडत नव्हती. आत्याने जमलेल्यांचे तिकडे लक्ष वेधले.

"बघा, कशी शांत बसली हाय. ह्यो धीर आमच्या घरान्याचा. दया लई हळवी हुती."

सगळ्यांनी माना डोलावल्या. वाचकहो, तुम्ही एव्हाना आत्याला दोषी ठरवले असेल. रविवारी हसून "पप्पांचीच" म्हणणारीला मात्र तुम्ही बिनबोभाट सोडून दिले. साहजिकच आहे, तुमच्याही घरी ते तुम्हीच म्हणता.

आराधनाने कप खाली ठेवला.

"हा धीर आईचा आहे, आत्या. मी आईवर गेलेय. तिच्यासमोर हे मी एकदाही म्हणाले नाही."