मच्छरदाणीतलं डांगरू

आमचे शेजारी शालिकभाऊ मेश्राम उन्हाळाभर अंगणात बाज टाकून झोपतात. सकाळी उठतात तेव्हा त्यांच्या हातापायांवर डासांनी रांगोळी घातलेली असते. घरात मच्छरदाणी नसेल म्हणावं, तर तसंही नाही. चांगली डबलबेडची, निळी, कोपऱ्यांना नाड्या असलेली मच्छरदाणी आहे. ती त्याच अंगणात, बाजेपासून चार हातांवर, चार बांबूंना ताणून बांधलेली असते आणि तिच्या आत डांगराचा वेल ऐसपैस पसरलेला असतो.

डांगरू म्हणजे खरबूज. भंडाऱ्याबाहेरच्या लोकांनी खुशाल खरबूज म्हणावं, माझी हरकत नाही. फक्त शालिकभाऊंसमोर म्हणू नये.

मी पहिल्यांदा हा थाट पाहिला तेव्हा विचारलं, "भाऊ, वेलाला डास चावतात का?"

"मास्तर, डास मले चावला तं मी खाजवतो. माशी याच्यावर बसली तं याचं खानदान बुडते." एवढं बोलून त्यांनी मच्छरदाणीची खालची कड विटांखाली नीट दाबली. पुढचं स्पष्टीकरण त्यांना आवश्यक वाटलं नाही. त्यांना ते कधीच वाटत नाही.

शालिकभाऊ एका सरकारी कचेरीत शिपाई होते. पण नोकरी हा त्यांचा जोडधंदा. खरा धंदा नदीत. कारध्याच्या पुलाच्या खाली, वैनगंगेच्या रेतीत, त्यांच्या घराण्याची डांगराची वाडी असायची. थंडीत पाणी ओसरलं की रेतीत खड्डे घ्यायचे, तळाशी कुजलेलं शेणखत टाकायचं, बी लावायचं आणि उन्हाळ्यात टोपल्या भरून फळं काढायची. भाऊ कचेरीच्या आधी आणि कचेरीनंतर सायकल हाणत नदीवर जायचे. दिवसभर वाडी सांभाळायच्या त्यांच्या पत्नी, सुमनबाई. पुढे खाली धरण झालं आणि नदीला बारा महिने पाणी राहू लागलं. रेती बुडाली, वाडी बुडाली. नंतर सुमनबाईही गेल्या. त्या गेल्यावर लोखंडी पेटीत भाऊंना जुन्या लुगड्याच्या चिंधीत राखेत मळून बांधलेलं बियाणं सापडलं. शेवटच्या वाडीतलं, सुमनबाईंच्या हातचं.

त्यावर या माणसानं काय करावं? घरी एक ट्रॉली रेती मागवली.

रेतीची ट्रॉली दारात रिकामी झाली की आमच्या गल्लीत एकच अर्थ निघतो. तीन जण मिस्त्रीचा नंबर घेऊन आले. मीही गेलो. "वरचा मजला काढता का, भाऊ?"

"मजला खालीच हाय," असं म्हणून भाऊंनी अंगणात कमरेइतका खोल खड्डा खणायला घेतला. तळाशी खत, वर रेती, अशी एक लहानशी नदी त्यांनी आवाराच्या भिंतीच्या आत तयार केली. नंतर गल्लीतलं कुणी ओटा दुरुस्त करायला दोन घमेली रेती मागायला गेलं की उत्तर ठरलेलं असायचं: "जीव मांगा, रेती मांगू नोका." खरा त्रास मांजरींचा झाला. एवढी सोय दाराशी आल्यावर त्या कशाला सोडतील? भाऊंनी कडेनं बोरीच्या काट्या लावल्या आणि मांजरींनी आपला मुक्काम आमच्या दारातल्या कुंड्यांकडे हलवला.

बाकीच्या अंगणात भेंडी, चवळी, ढेमसं, दोरीवर चढलेली कारली असं सगळं आहे. मे महिन्यात बाजारातली भाजी माना टाकते तेव्हा भाऊंची भेंडी ताठ उभी असते. यामागे काय गुपित आहे हे ते न विचारता सांगतात. "झाडाले लाड कराल तं झाड माजते. सकाळी पानी द्या, दुपारी तोंड पाहू नोका. पुस्तकात नाही भेटनार हे." पुस्तकात न भेटणाऱ्या गोष्टींचा त्यांच्याकडे एवढा साठा आहे की त्याचंच एक पुस्तक होईल. मी गणिताचा शिक्षक आहे. पुस्तकावर पोट भरतो. त्यामुळे हे वाक्य ते माझ्याकडे बघूनच म्हणतात असं मला वाटत आलं आहे.

माझी बायको वनिता हिनं मोबाईलवर व्हिडिओ पाहून गच्चीवर बाग केली तेव्हा भाऊ वर चढून आले. हात मागे बांधून त्यांनी सगळ्या कुंड्यांची पाहणी केली आणि म्हणाले, "मोबाईलवर पाहून शेती, अन फोटो पाहून सोयरीक. दोन्ही मंग भोगा लागते." दुसऱ्या दिवशी मात्र स्वतः अर्धं पोतं शेणखत खांद्यावर घेऊन तेच गच्चीवर आले. वनितानं चहा दिला, तो घेतला, आणि चहातही साखर जास्त आहे असं सांगून गेले.

डांगराच्या वेलाला फुलं आली की भाऊंच्या घरी लग्नसराई सुरू होते. मच्छरदाणीत माशी शिरत नाही, म्हणजे माशीचं काम कुणीतरी करायला हवं. ते भाऊ करतात, आणि आंघोळ करून करतात. सकाळी सातला धुतलेलं धोतर नेसून ते मच्छरदाणीत शिरतात, नराचं फूल तोडून त्याच्या पाकळ्या सोलतात आणि मादीच्या फुलावर अलगद फिरवतात. मादीच्या फुलामागे बोराएवढं हिरवं डांगरू आधीच असतं. "पाहा मास्तर, या नवरीच्या कडेवर पोरगं पयलेच हाय. पन लगन नाही लावलं तं ते पोरगं पिवळं पडून गळते." भिंतीवरून ते मला हाक मारून सांगतात, "आज दोन लगनं लावली." मी दात घासता घासता अभिनंदन करतो.

आता इथे आमच्या घराचा अपराध सांगायला हवा. मागच्या उन्हाळ्यात वनितानं पाकिटातलं बी आणून गच्चीवर खरबूज लावलं. त्याला भरभरून फुलं आली. त्याच दिवसांत एका सायंकाळी वादळ सुटलं आणि भाऊंची मच्छरदाणी फाटून कारल्याच्या मांडवावर जाऊन अडकली. ती शिवून परत बांधेपर्यंत दुसऱ्या दिवशीचे दहा वाजले. तेवढ्या वेळात आमच्या गच्चीवरच्या माश्या पायांना खरबुजाचा पराग लावून खाली उतरून भाऊंच्या वेलावर मनसोक्त बसून गेल्या होत्या. आणि नेमकं त्या सकाळी उमललेल्या फुलाचंच फळ टिकलं. मागच्या सालचं तेवढंच एक.

भाऊ वनिताला एका शब्दानं बोलले नाहीत. मला मात्र त्यांनी समजावून सांगितलं. माशीनं भेसळ केली तर ती त्या फळात दिसत नाही. त्या फळातलं बी लावावं, वेल वाढू द्यावा, त्याला फळ येऊ द्यावं आणि ते चाखावं, तेव्हा कळतं. "चाखल्याबिगर नाही कळत. आमच्या डांगराची चव मले अंधारात सांगता येते," ते म्हणाले. मग यंदाच्या वेलाकडे बघत उगाच एक पान सरळ केलं. जुनं बी सगळं संपलं होतं. यंदाचा वेल त्या मागच्याच फळाच्या बियांवरचा होता.

यंदाही फळ एकच धरलं. मे महिन्यात ते नारळाएवढं झालं, अंगावर फिकट पट्टे आले, आणि त्याच वेळी अड्याळला भाऊंच्या भाचीचं लग्न निघालं. मामाशिवाय लग्न लागत नाही. तीन दिवस जाणं भाग होतं. निघताना पिशवी खांद्याला अडकवून ते आमच्या दारात उभे राहिले.

"मास्तर, डांगरू पिकलं का आपल्याआपन देठ सोडते. सोडलं तं घरात नेऊन ठेवजा. पडून राहू देजा. सडलं तरी चालते. बी धुऊन घेतलं म्हणजे झालं."

"सडू द्यायचं? खायचं नाही?"

"मी कायले खाऊ," असं काहीतरी पुटपुटून ते एसटी गाठायला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डांगरानं देठ सोडला. मी ते उचलून आणून स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवलं. नऊ वाजता त्याचा वास स्वयंपाकघरात होता, अकरा वाजता बैठकीत, आणि दुपारी मी आतल्या खोलीत पंख्याखाली पडलो तर माझ्या आधी तिथे हजर. शाळेला सुट्टी, बाहेर सत्तेचाळीस डिग्री, वनिता बहिणीकडे गेलेली, आणि एकच्या सुमारास वीजही गेली. माणसाच्या चारित्र्याची परीक्षा अशाच वेळी होते. मी नापास झालो. पण गणिताच्या माणसाला नापास होतानाही पायऱ्या दाखवाव्या लागतात. भाऊंना हवंय काय? बी. सडून जाणार काय? गर. मग बी ठेवून गर खाल्ला तर भाऊंचं उणे शून्य. मी सुरी घेतली.

पहिली फोड तोंडात टाकली आणि थांबलो. फळ फिकं होतं. थोडं फिकं नव्हे, काकडी परवडली इतकं फिकं. इतका वास आणि चव अशी! मला घाम फुटला, आणि तो उकाड्याचा नव्हता. म्हणजे भेसळ झाली. आमच्या माश्यांनी सुमनबाईंच्या बियाण्याचं वाटोळं केलं. फोड वाया जाऊ नये म्हणून मी गुळाचा खडा लावून ती संपवली. मग आणखी तीन संपवल्या, तो भाग वेगळा.

वनिता आल्यावर तिनं आधी मला झाडलं आणि मग स्वतः एक फोड चाखली. ती खुर्चीवर बसली. "आपल्यामुळे झालं हे," ती म्हणाली. बी तिनं चाळणीत हळुवार धुतलं, सावलीत वाळवलं, राखेत मळलं. उरलेलं अर्धं फळ फ्रिजमध्ये ठेवलं. आणि आम्ही दोघांनी विचारपूर्वक ठरवलं की भाऊंना खरं सांगायचं नाही. बी त्यांच्या हवाली करायचं आणि फळ गोड होतं म्हणायचं. सत्तरीच्या माणसाला या वयात धक्का कशाला?

तिसऱ्या दिवशी भाऊ आले. अंगावर अजून लग्नातल्या अक्षता. रिकामा वेल पाहून ते थेट आमच्याकडे आले. मी अपराध कबूल केला. कापलं म्हणालो, खाल्लं म्हणालो, बियांची पुरचुंडी पुढे केली. मला वाटलं होतं ते आधी बी मोजतील. त्यांनी पुरचुंडीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कसं होतं?" त्यांनी विचारलं.

"काय सांगू, भाऊ. साखर. अशी गोडी मी जन्मात खाल्ली नाही."

शालिकभाऊ दारातल्या पायरीवर बसले. खिशातून रुमाल काढला, पण तोंड पुसलं नाही, नुसता हातात धरला.

"गेलं मंग," ते म्हणाले. "जाऊ द्या. कोनाची गलती नाही."

वनिता आतून आली. तिला खोटं पचत नाही, आणि माझं तर नाहीच नाही. "भाऊ, हे खोटं बोलून राहिले. गोड नव्हतं. बिलकूल फिकं होतं. गूळ लावून खाल्लं यांनी. आमच्या माश्यांनी तुमचं बियाणं बिघडवलं, मले माफ करा."

"काय म्हटलं?"

"फिकं होतं म्हटलं."

"गूळ लावला?"

"लावला," मी म्हणालो.

भाऊ उठले, परत बसले. "आमचं डांगरू फिकंच राहे, बाई. वास असा का नदीच्या या काठावरून त्या काठावर जाय, अन चवीले फिकं. गूळ लावूनच खाये लोक. सुमन टोपलीत डांगरू अन गूळ दोन्ही घेऊन बसे. गोड निघते थे पाकिटातलं." मग त्यांनी विचारलं, "राहिलं का थोडंसं?"

वनितानं फ्रिजमधून अर्धं डांगरू काढलं, फोडी केल्या, वाटीत गूळ दिला. भाऊंनी पहिली फोड नुसतीच खाल्ली. डोळे मिटून बराच वेळ चावली. मग डोळे उघडून आमच्याकडे पाहिलं. ते ओले होते आणि ते लपवायचा त्यांनी काही प्रयत्न केला नाही.

"सहा साल झाले, एकही कापलं नव्हतं," ते म्हणाले. "सडू देत होतो. सडलेल्याले चव नसते ना. मले भेव वाटे. कापलं, अन गोड निघालं, तं तिचं काय राहते माह्यापाशी?"

मी वाटी त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी दुसरी फोड घेतली, गुळाला लावली, आणि वनिताला म्हणाले, "बसा ना बाई, तुमी पन खा."

आम्ही तिघांनी पायरीवर बसून ते फिकं डांगरू सालीपर्यंत खाल्लं.