मार्क थोडे कमी घाल

साखर बंद झाली तरी रामोजीअण्णा कॉफी चमच्यानं ढवळत. बराच वेळ. "काय विरघळवताय?" असं विचारलं की म्हणत, "सवय. ती विरली की थांबेन."

अण्णा माझे चुलतभाऊ. कुंभकोणमला आमच्या समोरच्या घरात एकटेच राहत. घरात आमची जुनी तंजावरी मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ, पण अण्णांचा हट्ट दोन्ही भाषांत सारखाच.

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी एका धर्मादाय दवाखान्यात मदतीला जाऊ लागलो. मधुमेहाचा रोगी स्वतःच्या काळजीत किती लक्ष घालतो, हे तिथं प्रश्न विचारून मोजत; ते प्रश्न विचारून मार्क घालायचं काम माझ्याकडे होतं. ज्याला मार्क कमी, त्याच्या घरी नर्स सेल्वी दर गुरुवारी जायची. अण्णांना सगळ्यांत कमी पडले.

"ही गोळी कशासाठी?"

"देणाऱ्या डॉक्टरास ठाव."

"पाय रोज तपासता?"

"आहेत की दोन्ही."

गुरुवारी मात्र अण्णा इस्त्रीचा सदरा घालून ओसरीवर बसत. सेल्वीसाठी सुंडल, म्हणजे हरभऱ्याची कोरडी उसळ, करत. तिनं तेच पुन्हा शिकवलं की डोळे मोठे करून म्हणत, "अय्यो, ऐसं आहे?"

एकदा भर दुपारी मी तिरुनागेश्वरम्‌च्या देवळात गेलो होतो. अंगणातले दगड तापले होते. अण्णा एका परगावच्या म्हाताऱ्याला दंड धरून काथ्याच्या पट्टीवर ओढत होते आणि तमिळमध्ये दटावत होते, "साखर आहे ना तुम्हाला? मग अनवाणी पायाला चटका कळायचा नाही. फोड आल्यावर कळेल. घरी तळव्याखाली आरसा धरून बघत जा. मी रोज बघतो."

चोर हाती लागल्यासारखा मला आनंद झाला. दुसऱ्याच दिवशी मी दवाखान्यात त्यांचे मार्क बदलले. जवळजवळ पैकीच्या पैकी.

संध्याकाळी अण्णा आले. "बाळू, मार्क थोडे कमी घाल की."

"खोटं कसं लिहू?"

"मग सेल्वी यायची नाही."

"तुम्हाला तिची गरजच काय? सगळं तर येतं तुम्हाला."

"परवायिल्लै," असू दे, एवढंच म्हणून अण्णा गेले.

त्या पावसाळ्यात त्यांच्या पायाची जखम चिघळली. बोटं कापावी लागली, पण अण्णा त्यातून उठले नाहीत. नातेवाईक अजून म्हणतात की त्यांना आपल्या आजारातलं काही कळत नव्हतं. ते खरं नाही, म्हणून हे लिहितो आहे. कळत नव्हतं ते मला.

इस्पितळात मी त्यांना जरा चिडूनच विचारलं होतं, "अण्णा, पाय बघायचा सोडलात कशाला?"

ते ओशाळून हसले. "गुरुवारी ती विचारायची, म्हणून रोज बघत होतो. मग बघून सांगायचं कोणाला, बाळू?"