दुरून शिंक येत नाही

सुरक्षितता पुरेशी झाली की नाही, हे कुलूप लावणाऱ्याला कधीच कळत नाही. ते बाहेर राहिलेल्या माणसाला कळतं. हे सत्य नंदुरबारच्या 'झुंबरलाल प्रेमचंद आणि कंपनी, लाल मिरचीचे व्यापारी' या पेढीत सिद्ध झालं. तेव्हा बाहेर राहिलेला माणूस ललित पाटील होता.

कंपनीचा सर्व्हर मिरचीच्या गोदामाला लागून असलेल्या खोलीत आहे. आत शिरणारा कोणीही चौथ्या पावलाला शिंकतो आणि सातव्याला डोळे पुसतो. (सुरतेहून आलेले एक साहेब दारातच शिंकले होते, पण त्यांची तब्येतच नाजूक.) शिंक ऐकू आली की झाडलोट आणि चहा पाहणारी धनुबाई बाहेरून विचारते, "कोन शे?" सात वर्षांत एकही माणूस न शिंकता सर्व्हरपर्यंत पोहोचलेला नाही.

या व्यवस्थेत विघ्न आणलं ते ललितच्या मुलीने, जन्माला येऊन. कंपनीत कॉम्प्युटर कळणारा ललित एकटाच. पुरुषोत्तमनगरहून तो रोज एसटीने येतो. बारशापर्यंतचे बारा दिवस घरून काम करू द्या, असा त्याने अर्ज केला. झुंबरलालशेठ मोठ्या मनाचे. त्यांनी उभ्याउभ्या होकार दिला. फक्त एक शंका काढली, की दुरून आत शिरणाऱ्याला शिंक येते का? ललित खरं बोलणारा माणूस. तो नाही म्हणाला, आणि समिती नेमावी लागली.

समितीत शेठजी, त्यांचा मुलगा महावीर आणि शेठजींच्या पत्नी हुलासबाई होत्या. (घरातल्या सगळ्या कपाटांच्या किल्ल्या हुलासबाईंच्या कमरेला असतात, त्यामुळे तिघांत तांत्रिक अनुभव त्यांचाच जास्त.) ललितने चार उपाय समजावले आणि एखादा निवडा म्हणाला. समितीने चारही निवडले.

पहिला व्हीपीएन. म्हणजे इंटरनेटमधून जाणारा खाजगी बोगदा, असं ललितने सांगितलं. बोगद्याचं दुसरं तोंड कुठे निघतं, असं हुलासबाईंनी विचारलं. ललितच्या स्वयंपाकघराशेजारी, असं कळल्यावर त्या तोंडाशी कांदा-लसूण चिरू नये, या अटीवर बोगदा मंजूर झाला.

दुसरा उपाय किल्ल्यांच्या जोडीचा. एक किल्ली जाहीर, एक खाजगी. खाजगी किल्ली पेनड्राइव्हवर. जाहीर किल्ली महावीरने छापून नोटीस बोर्डावर लावली. खाजगी किल्ली हुलासबाईंनी कपाटात, चांदीच्या ताटांखाली ठेवली. ती रोज सकाळी सही करून न्यायची आणि संध्याकाळी परत आणून द्यायची. म्हणजे घरून काम करण्यासाठी ललितला रोज दोनदा नंदुरबारला यावं लागणार होतं; पूर्वी तो एकदाच येत असे.

तिसरा ओटीपी. तो शेठजींच्या मोबाईलवर येणार आणि शेठजी तो फोनवरून सांगणार. ओटीपीचं आयुष्य तीस सेकंदांचं असतं आणि शेठजींची सामायिक, म्हणजे जैनांची रोजची ध्यानाची बैठक, अठ्ठेचाळीस मिनिटांची, त्यात फोनला हात लागत नाही. एका सामायिकेत शहाण्णव ओटीपी स्वर्गवासी होतात.

पहिल्या अकरा दिवसांचा अहवाल महावीरने केला. आत शिरण्याचे प्रयत्न एकशे चार, यशस्वी शून्य. सुरक्षितता शंभर टक्के. (एकशे तीन प्रयत्न ललितचे होते. उरलेला कोणाचा, याची चौकशी चालू आहे. महावीर स्वतः करतो आहे, आणि फारशी घाई करत नाही.)

चौथा उपाय पासवर्डचा. तो जगात कोणालाही ठाऊक नसावा आणि शेवटी आकडे असावेत, एवढंच समितीचं म्हणणं. इथे ललितने डोकं चालवलं. त्याने आणि त्याच्या बायकोने, रुपाने, मुलगी झाली तर म्हणून एक नाव आधीच ठरवलं होतं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान फुईचा, म्हणजे आत्याचा, म्हणून ललितच्या बहिणीलाही, रंजितालाही, ते ऐनवेळीच कळणार होतं. त्याहून गुप्त शब्द जिल्ह्यात नव्हता. ललितने तोच टाकला.

बाराव्या दिवशी रंजिता खापरहून कुंची आणि झबली घेऊन आली. पाळणा सजला. बायका जमल्या. आणि तिकडे वजनकाट्याचा कॉम्प्युटर सर्व्हरसकट बंद पडला, मिरचीच्या एकोणीस गाड्या फाटकाबाहेर खोळंबल्या. शेठजी सामायिकेत होते आणि किल्ली ताटांखाली. निरोप येताच ललितने ऑफिसच्या मोबाईलवर फोन लावला, तो धनुबाईने उचलला.

धनुबाई सातवी शिकलेली, आणि रोज कीबोर्ड पुसत असल्यामुळे कोणतं अक्षर कुठे, ते तिला पाठ. ती आत गेली, रीतसर शिंकली, बटण दाबलं. सर्व्हरसमोर बसणाऱ्याला बोगदा लागत नाही, किल्ली लागत नाही, ओटीपीही लागत नाही. पासवर्ड मात्र लागतो. दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून तिने फोन स्पीकरवर टाकला होता.

ललित मोरीमागे गेला आणि एकेक अक्षर कुजबुजला. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा चुकलं तर कुलूपच बसणार होतं.

"असं नको, भाऊ. आख्खं नाव काय शे ते जोरमा सांग," धनुबाई म्हणाली.

ललितने सांगितलं. सर्व्हर सुरू झाला. फाटकावरच्या एकोणीस ड्रायव्हरांनी नाव छान असल्याचं कळवलं. इकडे अंगणातलं गाणं थांबलं होतं.

"आते मन्हं काय काम शे आठे?" रंजिता म्हणाली. "त्या सर्व्हरलेच फुई म्हन."

तिची समजूत घालायला तास गेला. शेवटी ती पाळण्याशी वाकली आणि तिने बाळाच्या कानात तिच्या मनातलं, वेगळंच नाव सांगितलं. मान तिचा होता. रुपा पदराआड रडली. ललितलाही फार वाईट वाटलं, कारण ते नाव त्यांनी नऊ महिने जपलं होतं आणि आता ते फक्त एका यंत्राचं होतं.

समितीने दुसऱ्याच दिवशी 'धनुबाई पद्धत' कायम केली. दुरून फोन करायचा, जवळून शिंकायचं. पासवर्डही बदलायचा नाही असं ठरलं, कारण त्या नावाचं आता घरात कोणीच नाही, तेव्हा ते ओळखणार कोण?

तो पासवर्ड सुरक्षेच्या कारणास्तव इथे छापता येत नाही. वाचकांनी वाईट वाटून घेऊ नये. तुमचाही तोच आहे. नाव तेवढं तुमच्या पोराचं, पुढचं एक-दोन-तीन सारखंच.