शेवट रंगवण्याची नियमावली

माणूस सुरुवात विसरतो, मधलं पाहत नाही आणि शेवटाला मात्र खुर्चीच्या कडेवर येऊन बसतो, हे त्रिकालाबाधित सत्य आहे. मैदानी खेळांना ते फार उशिरा कळलं.

प्रश्न महिलांच्या सात प्रकारांच्या स्पर्धेचा होता. यात एकच बाई दोन दिवस अडथळे ओलांडते, उंच उडी मारते, गोळा फेकते, दोनशे मीटर धावते, लांब उडी मारते, भाला फेकते आणि शेवटी आठशे मीटर धावते. गुणांच्या बेरजेत जी पुढे, ती जिंकते. त्यामुळे कधीकधी शेवटच्या धावेत पाचवी आलेली विजेती ठरते आणि पहिली आलेली नुसती टाळ्या वाजवते. प्रेक्षक म्हणतात, "हे काय गौडबंगाल?" आमच्या पाहणीनुसार शंभरातले एकाहत्तर प्रेक्षक बेरीज सुरू होताच खायला आणायला उठतात. (उरलेले एकोणतीस खेळाडूंचे नातेवाईक असतात.)

तेव्हा समिती नेमली गेली. अध्यक्षांचा पडद्याच्या कापडाचा धंदा. खेळाशी संबंध नसल्याने त्यांचं मत स्वच्छ होतं. मी चिटणीस. यंदाची सर्वांत तयारीची खेळाडू माझी सख्खी भाची आहे, हे मी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं. "म्हणजे तुम्ही तिची बाजू घेणार नाही, लोक काय म्हणतील!" असं म्हणून अध्यक्षांनी मलाच मसुदा लिहायला बसवलं.

पहिली सुधारणा साधी होती. सहा प्रकारांत जी जितकी पुढे, तितकी ती आठशे मीटरला आधी निघेल. मग जी फीत तोडेल तीच विजेती. पोरासोरांनाही कळेल असा नियम. तो न्याय्यही होता, आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. चाचणीत पहिली बाई एवढी पुढे गेली की मागच्या गप्पा मारत आल्या.

"यात थरार कुठाय?" अध्यक्ष म्हणाले.

म्हणून दुसरी सुधारणा: थरार-समायोजन. आघाडी कितीही असो, ती एका पावलाची धरायची. (सहा प्रकारांचं महत्त्व अबाधित आहे, ते त्या पावलात आहे.) तिसरी सुधारणा ओघानेच आली. रिकाम्या खुर्च्या टीव्हीवर बऱ्या दिसत नाहीत, म्हणून पहिले सहा प्रकार दरवाजे उघडण्यापूर्वी उरकायचे.

भाची तिशीला टेकलेली. जिंकली तर राष्ट्रीय संघात, हरली तर खेळ बंद, हे तिने घरात सांगून टाकलं होतं. डाव्या पोटरीला पट्टी बांधून तिने लांब उडी मारली, भाला असा भिरकावला की पंच एकमेकांकडे बघत राहिले. सहा प्रकारांनंतर ती इतकी पुढे होती की जुन्या बेरजेने आठशे मीटरला चौथी आली असती तरी चाललं असतं.

धावेआधी ती माझ्याकडे आली. "मामा, एवढ्या सगळ्याचं एक पाऊल?"

"अगं, ते पाऊलही मी भांडून मिळवलंय. अध्यक्ष अर्धंच देत होते."

ती मान डोलावून आरंभरेषेकडे निघाली. वडीलधाऱ्यांचा मान ठेवणारी पोर आहे.

शर्यत अप्रतिम झाली. सहा प्रकारांनंतर शेवटून पहिली असलेली एक ताज्या दमाची मुलगी (भाल्याला ती लांबूनच नमस्कार करून आली होती) अखेरच्या वळणावर सुसाट सुटली आणि भाचीपेक्षा छातीभर पुढे राहून फीत तोडून गेली. अख्खं मैदान उभं राहिलं. कुणीही खायला आणायला उठलं नाही. अध्यक्षांनी मला मिठी मारली.

भाचीने पट्टी सोडली, धावायचे बूट बाकाखाली ठेवले आणि अनवाणी निघून गेली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? ताई तेव्हापासून माझा फोन उचलत नाही. बूट माझ्या कपाटात आहेत.

वाचकहो, तुम्हालाही आता चीड आली असेल. पोरीचे कष्ट मातीत घातले म्हणाल. म्हणा. फक्त एवढंच सांगा, पट्टी तिच्या कुठल्या पायाला होती? वर लिहिलंय. वर बघायचं नाही.

ती हरली, हे मात्र चोख लक्षात आहे. ते एकाहत्तर लोक आम्ही काही चंद्रावरून आणले नव्हते.