दामूअण्णा आधी हत्तीला भेटतात

लग्नाला गेले की दामूअण्णा नवरा-नवरीच्या आधी हत्तीला भेटतात. आमच्याकडे लग्नघराच्या भिंतीवर, दाराच्या दोन्ही अंगांना, सोंडेत हार धरलेले हत्ती रंगवायची रीत आहे. अण्णा चष्मा पुसतात, हत्तीच्या डोळ्याशी नाक नेतात आणि विचारतात, "कुणाकडं बघतुय ह्यो?" हत्ती त्यांनी स्वतःच काढलेला असला तरी हा प्रश्न चुकत नाही. नवरीचा बाप आधीच घाबरलेला असतो, तो आणखी घाबरतो.

अण्णा वरवे बुद्रुकचे पेंटर आणि माझे शेजारी. मी भोरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. आमच्या घरातला पहिला पदवीधर मीच. हे मी न विचारताही सांगतो. अण्णा मला नावाने हाक मारत नाहीत, 'लायब्ररी' म्हणतात.

मागच्या वर्षी आमच्या प्राचार्यांनी एक कार्यक्रम काढला. आपल्या भागातल्या कलावंतांनी यायचं आणि ज्या चित्रामुळे आपण घडलो त्याबद्दल मुलांशी बोलायचं. चित्राचा फोटो आधी द्यायचा, पडद्यावर दाखवायला. पानशेतजवळ राहणाऱ्या एक शिल्पकार बाई ठरल्या. दुसरं नाव मी छाती पुढे काढून सुचवलं.

तिथून माझी झोप गेली. अण्णा रोज सकाळी मी दात घासत असताना कुंपणाशी हजर. पहिल्या दिवशी कॅलेंडरवरची लक्ष्मी आणली. दुसऱ्या दिवशी काडेपेटीवरचा वाघ. तिसऱ्या दिवशी सारोळ्याच्या पुलाजवळ थांबलेल्या एका टेम्पोमागचा मोर. त्याचा फोटो काढायला गेले तर ड्रायव्हरला वाटलं आरटीओचा माणूस आहे.

"अण्णा, खरं कुठलं ते एकदा ठरवा की."

"ठरलेलं हाय. पर फोटू न्हाई त्याचा," ते म्हणाले आणि मोराची पिसं मोजत बसले.

शेवटी मीच त्यांना एक पान भाषण लिहून दिलं. त्यात एक परदेशी चित्रकार घातला, 'संवेदना' तीनदा घातली, त्याने रंगवलेलं स्वतःचंच चित्र इंटरनेटवरून काढलं. अण्णांनी भाषण पाठ केलं. पण त्यांचं जेवण कमी झालं. अण्णांच्या घरच्या काकू मला म्हणाल्या, "काय लिवून दिलंस रं? झोपंत संवेदना संवेदना करत्यात." मला माझीच जास्त काळजी होती. प्राचार्यांसमोर हसं झालं तर ते माझं होणार होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी बाई सुंदर बोलल्या. देवळातली एक मूर्ती दाखवली, आपण तिच्यासमोर तासन् तास कसं बसायचो ते सांगितलं. मग अण्णा उठले. पडद्यावर माझा परदेशी चित्रकार आला. अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. मग कागदाची घडी घातली, तिचा आवाज माईकमधून आला. मी खुर्चीची कड धरली.

"ह्यो मानूस मला म्हाईत न्हाई," अण्णा म्हणाले.

सगळा हॉल हसला. माझे कान तापले.

मग त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्या लग्नाच्या वेळी लग्नसराईचा हंगाम होता. सगळ्यांच्या भिंती रंगवून झाल्या, स्वतःची राहिली. तोवर यांना हळद लागली. हळदीच्या नवऱ्यानं उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही, आईने अडवलं. तेव्हा धाकट्या बहिणीने, सुमनने, ब्रश उचलला. तिने आजवर अण्णांचे रंगच कालवले होते. तिच्या हत्तीला पाच पाय झाले.

पोरं पुन्हा हसली. अण्णांनी हसू संपू दिलं.

"आसंच म्या हसलो व्हतो. भर मांडवात, सगळ्यांत मोट्यानं. दिवाळीला त्यावर चुना बी म्याच मारला. म्हनून फोटू न्हाई. तवापास्नं तिनं दारात रांगोळी बी काढली न्हाई." त्यांनी चष्मा काढून पुसला. "माजं हत्ती गिऱ्हाइकाकडं बघत्यात. तिचा माज्याकडं बघत व्हता. हे मला लई वर्सांनी कळलं. तसा डोळा मला आजून जमला न्हाई."

ते खाली बसले तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. शिल्पकार बाईंनी हळूच विचारलं, बहीण हयात आहे का. व्हय म्हणाले, वेल्ह्याला दिलीय. हे तिला कधी सांगितलं का, असं बाईंनी विचारल्यावर अण्णा सत्काराच्या शालीच्या घड्या मोडू लागले.

बाहेर व्हरांड्यात त्यांनी मला नंबर लावायला सांगितला. त्यांना फोन कानाला धरायची सवय नाही, म्हणून स्पीकरवर टाकला. म्हैस व्याली का, जावयाचं पोट बरं आहे का, सगळं विचारून झालं. मला वाटलं, ठेवतात आता.

"सुमे, उद्या रंग घिऊन येतो. तुज्या भिंतीवर हत्ती काडायचा."

"दादा, आमच्यात कुनाचं लगीन हाय?"

"कुनाचं न्हाई. तू काडायचास. म्या रंग कालवतो."

पलीकडे भांड्याचा आवाज चालू होता, तो थांबला. अण्णा फोनकडे असे बघत होते, जणू समोर डॉक्टर त्यांचा रिपोर्ट वाचतोय.

"बारका बुरूस आन," ती म्हणाली. "मोटा मला धरता येत न्हाई."